ससाणा नको म्हणालो

तेरेकसू, ९ जुलै १९७६

चि. बुरुलकान हिला आगाचे अ. उ. आ., बाळाला गोड पापा. वि. वि.

तार तुलाही मिळालीच असेल. आपला मेदेर गेला. उत्तरेकडे रेल्वेच्या पुलावर कामाला होता, नदीला लोंढा आला. मातीही तिकडेच दिली म्हणतात. एकदाचं सरळ लिहून टाकलं, कारण यापुढे सरळ बोलणं माझ्या नशिबी नाही. आपा वर कुरणावर आपल्या घोड्यांपाशी आहे. पोटचा धाकटा गेला आणि आपल्या आईला काही ठाऊक नाही.

मरणाची खबर आपल्यात कवितेत गुंडाळून नेतात आणि गेली वीस वर्षं या गावात ते काम माझ्याकडे आहे. लोकरीच्या गोदामातला काटेवाला मी, चार यत्ता शिकलेला. उपमा कुठं संपते आणि रूपक कुठं सुरू होतं हे मला कोणी फळ्यावर लिहून दाखवलं नाही, म्हाताऱ्यांच्या मागे हिंडून मिळवलंय. तू म्हणशील, आगा, हेच मी शाळेत रोज शिकवते. शिकव की. पण उपमेतला ‘जसा’ म्हणजे किलकिलं ठेवलेलं दार, ऐकणाऱ्याला अजून पळायला जागा असते. रूपकात ते दार लागतं, हे तुमच्या पुस्तकात आहे का? म्हणून मी उपमेनं उंबरठा ओलांडतो, रूपकावर बसतो आणि शेवटी अन्योक्ती: बोलायचं फक्त पाखराबद्दल, कळायचं माणसाबद्दल.

पण मेदेरला कोणतं पाखरू लावू? ससाणा उडाला, पॉप्लर कोसळला, तंबूची कमान मोडली, हे सगळं मी इतक्या घरांत नेलंय की घासून गुळगुळीत झालंय. आणि मेदेर म्हणे ससाणा! कोंबड्याला भिऊन छपरावर चढून बसायचा तो. अलंकार अंगाला नीट बसला पाहिजे, नाहीतर तो उसना कोट. शोधतोय. गाव रोज विचारतं, कालमुरात, कधी जाणार. फार थकलोय ग.

लोभ जसा आहे तसा राहू दे.
तुझा आगा, कालमुरात

*

फ्रुंझे, १७ जुलै

ती. आगांना बुरुलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. बाळाचे चाळीस दिवस व्हायचेत, सासूबाई मला अंगणात जाऊ देत नाहीत. नाहीतर मीच कुरण गाठलं असतं.

परवा आपाचा निरोप आला. मेदेरसाठी मोजे विणायला घेतलेत, तिकडे थंडी फार म्हणून. त्याच्या पायाचं माप वाढलंय का, असं विचारलंय. मी काय कळवू? तिकडे ती बसतील असे मोजे विणतेय आणि इकडे तुम्ही बसेल असा अलंकार विणताय. आगा, ती म्हातारी आहे, परीक्षक नव्हे. उद्या दूधगाडीवाला वर जाईल आणि तंबाखू थुंकता थुंकता बोलून मोकळा होईल, मग काय कराल?

माझ्या निबंधातला ससाणा तुम्हीच लाल पेन्सिलीनं खोडला होतात. त्या दिवसापासून मीही पोरांच्या वह्यांत तेच करत आलेय. पण आत्ता नाही. ससाणा तर ससाणा, घ्या आणि निघा. माझ्यावर रागवायचं असेल तर आल्यावर रागवा.

तुमच्या मायेतली,
बुरुल

*

तेरेकसू, २ ऑगस्ट

चि. बुरुलकान हिला आशीर्वाद. वि. वि.

सांगून आलो. कसं ते नीट लिहितो, कारण तू विचारशीलच.

ससाणा मी नेला नाही. मला शिंगरू सापडलं होतं, करडं, सगळ्यांच्या मागे राहणारं, पाणी दिसलं की आत उतरणारं. हुबेहूब आपला मेदेर. आपाच्या रोजच्या बघण्यातलं, तिच्या हाताखालचं. ओळीच्या सुरुवातीला अनुप्रास, शेवटी यमक, कुठं ढिलं नाही:

पाण्यापाशी गेलं आणि परतलं नाही शिंगरू,
पाऊलवाट पुसली त्याची, कुठं हाक मारू?

रिवाजाप्रमाणे गावातले दोन म्हातारे बरोबर होते. आपानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कुमीस वाढली. मी म्हणायला लागलो आणि दोघांच्या माना खाली गेल्या. आपानं ओगराळं खाली ठेवलं आणि विचारलं, कोणता उतार? कोणी पाहिलं? कधीची गोष्ट? मग मला झापलं, की शिंगरू हरवलंय आणि हा टोणगा गाणी म्हणत बसलाय. त्या दोघांतल्या एसेनकानचे डोळे भरलेले पाहून त्यालाही सोडलं नाही, म्हणाली, एवढ्या मोठ्या दाढीनं शिंगरासाठी रडतोस? आणि मी उठेपर्यंत तिनं खोगीर चढवलं होतं.

बुरुल, अलंकार इतका बेतून शिवला होता की तो अलंकारच उरला नाही. उपमान आणि उपमेय यांच्यात हातभर तरी अंतर लागतं. मी ते ठेवलंच नव्हतं. तिच्या रानात शिंगरं रोज हरवतात. तिला ती बातमीच वाटली.

मी धावत जाऊन लगाम धरला. घोड्यावर बसलेल्या आईला खालून सांगितलं, आपा, मेदेर मेला. ‘जसा’ नाही, पाखरू नाही, काही नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

ती बराच वेळ उतरली नाही. तिथलं पाणी गार असतं का, एवढंच विचारलं. मला ठाऊक नाही, असं म्हणालो.

मग आत जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली आणि तिनं विलाप धरला. माझा ससाणा उडाला, म्हणाली. पॉप्लर कोसळला, म्हणाली. तंबूची कमान मोडली. मी टाकून दिलेलं सगळं तिनं एकेक करून उचललं आणि एकही ढिलं पडलं नाही. खालच्या तंबूंतल्या बाया आवाज ऐकून धावत आल्या. कोणता ससाणा, असं एकीनंही विचारलं नाही. दारातूनच रडत शिरल्या. ते शब्द इतक्या जणींच्या हातून गेलेत म्हणून गुळगुळीत झालेत, आणि म्हणूनच ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत, हे मला या वयात कळलं.

एक मोजा झाला होता. निघताना पाहिलं तर तिनं दुसरा सुईवर घेतला होता. माप विचारलं नाही. तूही कळवू नकोस.

चाळीस दिवस झाले की बाळाला घेऊन वर ये. आणि शाळा उघडल्यावर एखाद्या पोराच्या वहीत ससाणा आला, तर लाल पेन्सिल लावू नकोस. आधी त्याच्या घरी कोणी गेलंय का, ते विचार.

लोभ आहे तेवढाच ठेव, सध्या जास्त पेलवायचा नाही.
तुझा आगा