फिलाडेल्फियातली तडकलेली घंटा

शनिवार, १२ मे १९२८, फिलाडेल्फिया

ट्रामचे पैसे वाचवत एकटाच पायी शहर बघतोय. आज फुकट म्हणून यांच्या स्वातंत्र्याची घंटा पाहायला गेलो. सवयीने दाराशीच बूट काढले. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर! भडगावहून निघताना आई म्हणाली होती, "तठे देऊळ दिसनं तं मना नावनी घंटा वाजाड." हात आपोआप लोलकाकडे गेला. ठक्! एवढी मोठी घंटा, आणि तडकलेली? आपण केव्हाच गिरणा नदीत सोडली असती. पहारेकरी ओरडत धावला, माझा अंगठा पाहून थबकला, मग त्याने बूट हातात देऊन मला बाहेर काढलं.

आता आईला काय लिहू? हेच, की घंटा वाजवली आणि पुजारी अंगावर आला. तिला खात्री पटेल, देऊळ आपल्यासारखंच आहे.