कातारीचं चाक

५ जानेवारी, जळकोट

एकदाचा आलो. टेम्पोतून तेरा पेट्या उतरल्या, त्यातल्या अकरा अवजारांच्या. टेम्पोवाल्यानं विचारलं, साहेब, संसार कुठाय? मी म्हटलं, हाच. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना टर्नरचं काम शिकवलं आणि भंगारवाल्यांशी हुज्जत घालून जुने रंधे, गिरमिटं, पटाश्या जमवल्या. सोलापूरच्या दोन खोल्यांत लोखंड मावेना झालं होतं. आता हे अख्खं घर माझं.

घर गफार कातारीचं. लाकूड कातून लाटणी, पोळपाट, पाळण्याचे पाय करणारा हा माणूस तीन वर्षांपूर्वी वारला. पुतण्या अरफात हैदराबादला असतो. त्यानं घर विकलं आणि लाकूड फिरवून कातायचा सागवानी लेथ तसाच ठेवला, कारण तो हलवायचा तर भिंत पाडावी लागते. लेथ पुढच्या खोलीत आणि तो फिरवणारं पुरुषभर उंचीचं चाक मागच्या खोलीत. मधल्या भिंतीला दोन फटी, त्यांतून चामडी पट्टा जातो. एकानं पुढं पटाशी धरायची, दुसऱ्यानं मागं दांडा फिरवायचा. चाकावरच्या माणसाला भुसा लागू नये म्हणून ही सोय, पण दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. असा लेथ मी आजवर फक्त चित्रात पाहिला होता.

९ जानेवारी

चार दिवस रॉकेल आणि चिंध्या. बेअरिंगच्या जागी लाकडातच कोरलेली खोबण आहे, तिला एरंडेल पाजलं. पट्ट्याला नवा टाका घातला. पटाश्यांना धार लावली, पण एकट्यानं ते काम निम्मंच होतं. माझं धारेचं दगडी चाक महादेवी फिरवायची. तिला जाऊन वर्ष झालं.

शिवप्रियाचा पुण्याहून फोन आला. अप्पा, मोटर बसवून घ्या, म्हणाली. मोटर बसवायची तर जुनं यंत्र घ्यायचं कशाला? लेकीला हे कळत नाही, तिच्या आईला कळायचं.

१४ जानेवारी

आज संक्रांत. बाभळीचा एक तुकडा लेथवर चढवला, नुसता सरळ फिरतो का बघायला. मागं जाऊन चाकाला एक झोका देणार होतो. पटाशी हातात होती आणि लाकूड फिरायला लागलं.

मागच्या खोलीत कुणी पोर घुसलं असेल म्हणून पाहिलं. खोली रिकामी, दांडा आपला फिरतोय. भरदुपारची वेळ, खिडकीतून ऊन आलेलं. मी घाबरलो नाही, खरंच. सात-आठ फेरे, मग किंचित दम, पुन्हा सात-आठ. ही लय मला पाठ आहे, आमच्या धारेच्या चाकावरची. पुढं आलो आणि लाटणं कातलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी एक रेघ वाकडी गेली नाही.

१७ जानेवारी

नऊ लाटणी झाली. शिवप्रियाला सांगितलेलं नाही, ती लगेच मला पुण्याला उचलून नेईल. मी पटाशी धरली की चाक सुरू होतं. मी पुढून बोलत राहतो. कुठल्या पेटीत काय आहे ते सांगतो, भाजी खारट झाली ते सांगतो.

एक गोष्ट अजून बोललो नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, बाईंना जड काम असतं का घरात? मी नाही म्हणालो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. रोज तासभर ते दगडी चाक ती फिरवायची, पण ते काम आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला धाप लागायची तेव्हा मी म्हणायचो, एवढी एक पटाशी होऊ दे.

२० जानेवारी

शेजारच्या हरणाबाई ताक घेऊन आल्या. चाकाचा आवाज ऐकून उंबऱ्यातच थांबल्या, आत काही येईनात. मग त्यांनी सांगितलं. गफारचं चाक त्याची बायको फातिमाबी फिरवायची, चाळीस वर्षं. पटाशीच्या मुठीनं त्यानं लेथवर दोनदा ठोकलं की तिनं थांबायचं, असा त्यांचा कायदा. एके दुपारी गफार लेथवरच बसल्या जागी गेला. भिंतीपलीकडं तिला काय दिसणार? दिवस कलताना अस्राची अजान झाली तरी ती फिरवतच होती. हाताची सालटी निघालेली. त्यानंतर अकरा दिवसांनी तीही गेली.

"त्यानं ठोकलंच न्हाय, मंग ती थांबल कशी?" हरणाबाई म्हणाल्या. "लई गरीब बाई व्हती वो."

ताक तिथंच ठेवून गेल्या.

२१ जानेवारी

दांडा तपासला. ओला आहे, चिकट.

म्हणजे ही महादेवी नव्हे. परक्या बाईला मी आठवडाभर राबवलं. आज दोनदा ठोकायचं ठरवलं होतं, पण हात उचलेना. असेल, महादेवीच असेल, असं मनात येत राहिलं. आणि मी आजही दोन लाटणी कातली. लिहायला लाज वाटते.

२३ जानेवारी

ठोकलं. दोनदा.

चाक थांबलं. भिंतीपलीकडं कुणीतरी लांब श्वास सोडला, मग काही नाही. मी भिंतीला कपाळ टेकून बसून राहिलो. फातिमाबी सुटली, आणि मी पुन्हा एकटा. पट्टा उतरवून गुंडाळून ठेवला.

२५ जानेवारी

पट्टा खुंटीला आहे. लेथ गप्प आहे. चाक फिरतंय.

लय वेगळी. चार फेरे, खोकला. तीन फेरे, खोकला. काचेच्या बांगड्या. आधी मी चुकलो होतो — ही मात्र महादेवीच. शेवटच्या महिन्यातली.

दोनदा ठोकलं. पुन्हा ठोकलं. मूठ सुजली. तिला ही खूण माहीतच नाही. आमच्यात थांबायची खूण नव्हतीच.

२६ जानेवारी

ओरडून सांगितलं. मराठीत, मग कानडीत — साकु, महादेवी, साकु. पुरे झालं. थांबत नाही. धाप वाढतेय. ठणकावून सांगायला हवं होतं तेव्हा —

मागं गेलो. दांड्यावर हात ठेवला. माझ्या हाताखाली हात होता. गरम.

२७ जानेवारी

डाव्या हातानं लिहितोय. उजवा दांड्यावर. मी जोर लावला की तिचा श्वास सरळ होतो. सोडला की —

सोडणार नाही. पाणी नाही, काही नाही. चालेल. पुढच्या खोलीत फोन वाजून वाजून बंद झाला.

२८?

खांद्यात जीव नाही. तिची धाप थांबलीय, झोपली असेल. मी फिरवतो. बरं वाटतं.

फक्त शिवप्रियानं यायला नको, महादेवीचं चाक माझ्याकडं आलं तसं माझं तिच्याकडं जाईल. फोन उचलला नाही की ती येणारच. आईवर गेलीय. कुणाचं ओझं दिसलं की न विचारता हात घालते —

कडी वाजली. हरणाबाईंचा आवाज, आणि तिचा. पुढच्या खोलीत पिशवी ठेवली तिनं.

दारात आहे. रडतेय. अप्पा, किती दमलात, सरका, मी धरते जरा, म्हणतेय. नको म्हणायचंय. आयुष्यात कधी म्हटलं नाही, तोंड उघडतो आणि — शिवप्रिया, हात मागं — हात मागं घे, त्याला लावू न