बावन्न घड्यांचा फिल्टर

अकोला, ता. ७-१-१९६४

ती. केशरताईस,
देवमनचा सप्रेम जयभीम वि. वि.

मी खुशाल आहे, म्हणजे अंगानं. बाकीचं विचारू नको. भाऊजींनी हे पत्र तुला वाचून दाखवावं आणि लगेच चुलीत घालावं.

काल तुझ्या समोरच्या घरचे खुशालराव, मैनेचे वडील, ते ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहेत त्या कापसाच्या जिनाच्या मालकाची जीप घेऊन नेमके आमच्याच गॅरेजात आले. मालकही सोबत. तोंड उघडायचं नाही, असं मनाला बजावलं होतं. पण मोतीराम मिस्त्रींनी इंजिनातलं तेल काढलं तर ते काजळासारखं काळं, बोटाला कचकच लागणारं. मी फिल्टर काढला. तो लोखंडी डब्यात बसतो. मधे भोकांची नळी, तिच्याभोवती जाड कागदाच्या घड्या, वर-खाली पत्र्याच्या चकत्या चिकटवलेल्या. तेल घड्यांतून झिरपतं, कचरा बाहेर अडतो. मी त्यांचा आणि आमच्याकडचा नवा, दोन्ही करवतीनं कापून शेजारी ठेवले. नाव एक, शिक्का एक, घड्या मोजल्या तर बावन्न आणि बावन्न. पण आमच्या घड्या कडक, सुट्या. त्यांच्या एकमेकीला चिकटून लगदा झालेल्या, दोन जागी फाटलेल्या. खालची चकती तर हात लावताच निघून आली.

झालं, डोकं फिरलं. मालकासमोर ओरडलो की हा नकली माल आहे, अमरावतीच्या दुकानदारानं तुम्हाले आंधळं समजून गळ्यात मारला. खुशालराव लालबुंद. म्हणाले, बावीस वर्षं गाडी चालवून राहिलो, कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोरानं मले शिकवू नये. आणि माह्या मैनेसाठी तुयं नाव पुन्हा कोणी काढलं तर त्याले दारातूनच परत धाडीन. एकोणीस तारखेला पातूरचे एक मास्तर तिला पाहायला येणार, हेही जाता जाता ऐकवून गेले.

ताई, तिची वेणी आठवली की मी नटाला उलटा पाना लावतो. ती दुसऱ्याकडे गेली तर मी गॅरेजच्या खड्ड्यात उतरेन तो वर यायचा नाही. येत्या रविवारी अमरावतीस येतो आणि हे तुकडे त्या दुकानदाराच्या तोंडावर मारतो. भर बाजारात खरं कळू दे, मग म्हातारा काय बोलतो पाहू!

माया आटू देऊ नको.
तुझा तापट भाऊ,
देवमन


अमरावती, ता. १०-१-१९६४

चि. देवमनास,
अनेक आशीर्वाद.

तुझे भाऊजी आठ दिवसांसाठी नांदगाव खंडेश्वरला गेले आहेत. मले अक्षर ओळखू येत नाही, हे तुले ठाऊक आहे. म्हणून तुझं पत्र समोरच्या मैनेकडून वाचून घेतलं. हो, तिच्याचकडून. हे उत्तरही तीच लिहून राहिली.

वाचता वाचता पोरगी वेणीपाशी आली आणि तिला ठसका लागला. पाणी पाजलं, पुढं वाच म्हटलं, तर म्हणे इथं शाई पुसट आहे. तिचे कान पाहून मले न वाचताच सगळं समजलं. 'म्हातारा' हा शब्द मात्र तिनं दोनदा वाचला, अगदी ठणठणीत.

बाबू, प्रोफेसराशी भांडलास, कॉलेज गेलं. सासऱ्याशी लग्नाच्या अगोदरच भांडलास, आता काय जाईल ते तूच मोज. मोजायची तर तुले हौसच आहे. डोकं थंड ठेव, जेवत जा.

तुझ्यासाठी जीव टांगलेली,
केशरताई

ता. क. हे ताईंनी सांगितलेलं नाही, लिहिणारीचं आहे. नकली माल करणारा बरोबर बावन्न घड्या मोजून बसवेल का? शिक्काही हुबेहूब? इंटरपर्यंत शिकलेल्याला एवढं सुचू नये? बाबा दर महिन्याला तो फिल्टर घरी आणतात, घमेल्यात घासलेट ओतून ब्रशनं घासतात आणि अंगणात वाळत घालतात. त्यांच्या पहिल्या गाडीला कापडाचा फिल्टर होता, तो असाच धुवत. दुकानदारानं दीड वर्षात त्यांना एकच विकला आहे. तुम्ही दुकानात तमाशा केलात तर तो हेच सांगेल, मालकाच्या कानावर जाईल आणि बाबांची नोकरी सुटेल. येऊ नका. नकली काही असलंच तर ते पातूरच्या मास्तरांचं वय आहे. अठ्ठावीस सांगतात.


अकोला, ता. १४-१-१९६४

ती. केशरताईस, आणि वाचणारीसही,
सप्रेम जयभीम वि. वि.

रविवारी आलो नाही, कारण तोंड दाखवायला ते जाग्यावर पाहिजे. पत्र वाचून मला घाम फुटला. मोतीराम मिस्त्री विचारत होते की थंडीत काहून?

मग एक कोरा फिल्टर घेतला. घासलेटमध्ये बुडव, ब्रशनं घास, उन्हात वाळव, असं चार वेळा करून कापला. तस्साच लगदा! तशीच सुटी चकती! कापड कितीही पिळा, कापडच राहतं. कागद घासला की त्याचा जीव जातो. जुन्या तुकड्यांत ब्रशचे दोन केसही सापडले. रागात ते दिसले नव्हते. दुकानदार चोख, माल अस्सल, मूर्ख तेवढा मी.

मिस्त्री म्हणतात, आता चूप राह्य, तुमी म्हणता तेच खरं असं सासऱ्याला लिही, पोरगी घरात आली की मग शहाणपण दाखव. तसं लिहायला बसलो. तीन कागद फाडले. जमेना, ताई. खरं कारण गिळलं तर त्यांचं इंजिन चार महिन्यांत बसेल आणि खापर त्यांच्याच डोक्यावर फुटेल. म्हणून आज खुशालरावांना बंद पाकीट टाकलं. लिहिलं की मालकासमोर ओरडलो ही माझी चूक. तुमची खरेदी चोख होती, असं मालकांना वेगळं कळवलं आहे. पण कागदी फिल्टर धुतल्यानं मरतो, धुवत जाऊ नका. पटत नसेल तर एक कोरा स्वतः धुऊन, कापून पाहा. तुमच्यापैकी कोणाचं नाव घेतलं नाही. ब्रशच्या केसांवरून ओळखलं, एवढंच लिहिलं.

पाकीट पेटीत पडल्यावर आठवलं की एकोणिसाला पाचच दिवस उरलेत. आता मैना गेली तर माझ्याच हस्ताक्षरात गेली. 'म्हातारा' हा शब्द मागं घेतो. वेणीचं वाक्य मागं घेत नाही.

दोघींनी मनातून काढू नये.
देवमन


अमरावती, ता. २०-१-१९६४

रा. देवमन यांस,
खुशालरावचा जयभीम वि. वि.

तुमचं पाकीट मिळालं. वाचून असा राग आला की तुमच्या गॅरेजात बसवलेला नवा फिल्टर तडक काढला, घासलेटनं चार वेळा धुऊन वाळवला आणि अंगणात बसून कापला. लगदा निघाला. तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे एवढं एक वाक्य लिहायला मले चार दिवस लागले. आता दुसरा नवा बसवला आहे. हा धुणार नाही.

काल पातूरचे मास्तर आले होते. माणूस गोड. पोहे खाता खाता मी म्हटलं, कागदी फिल्टर घासलेटनं धुतला की दहा वर्षं चालते. म्हणे, अगदी खरं. मंग म्हटलं, इंजिनाचं तेल बदलाची काही गरजच नसते. म्हणे, वा, अनुभवाचे बोल! शेवटी म्हटलं, आमची जीप बिनतेलाची अकोल्यापर्यंत जाते. त्यावरही मान हलवली. मले पोरगी द्यायची आहे, दारात नंदीबैल बांधायचा नाही. चहा पाजून त्यांना एस.टी.त बसवून आलो.

तुमच्या तोंडाले लगाम नाही, पण ते गोड लागावं म्हणून खोटं बोलत नाही, एवढं पाहिलं. मालकासमोर पुन्हा ओरडाल तर जावई आहे हे विसरून कानाखाली वाजवीन. येत्या रविवारी या. केशरबाईंकडे उतरा आणि चार माणसं घेऊन रीतीनं आमच्या दारी या. पोरीचं मन विचारलं तर म्हणे, बाबा, माझं दीड वर्षापूर्वीच ठरलं होतं, तुमचंच राहिलं होतं.

लोभ असावा असं वेगळं लिहीत नाही. पोरगी देऊन राहिलो, त्यातच धरावा.

खुशालराव