गुळव्याचा वाटा

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मलकापूरच्या वाटेवरचं गुऱ्हाळ यंदाही आपल्याचकडे आहे. रसाच्या काहिलीपाशी गुळवा म्हणून मी चाटूनं पाक ढवळत उभा असतो आणि खाली चुलवणाच्या तोंडाशी माझा थोरला मुलगा जाळात चिपाडं सारतो. दोन लेकरांचा बाप आहे तो. गुळव्याला गुळाचा जो वाटा मिळतो, त्याचा पाव हिस्सा जाळ घालणाऱ्याला. तुमच्या वेळचीच रीत.

मला तुम्ही चाळिशीपर्यंत तिथंच बसवलंत. पाक पाण्यात टाकून गोळी बघायची वेळ झाली की म्हणायचात, "जा रं, बैलांना पाणी दाखव." मी येईतो काहील उतरलेली असायची. खाली बसून नुसत्या वासावरून मी जे शिकलो तेवढंच. शेवटच्या हंगामात तुम्हाला दिसेनासं झालं होतं. एक काहील करपली, तेव्हा चारचौघांत तुम्ही म्हणालात, "पोरानं जाळ लय केला." मी मान खाली घातली.

परवा माझ्या हातून काहील करपली. उसाचा मालक धावत आला आणि माझ्या तोंडून तेच शब्द बाहेर पडले. आवाजही तुमचा. मी दचकून मागे पाहिलं. वाफेखेरीज कुणी नव्हतं.

थोरला वर आला. "दादा, करपट वास आला तवाच म्या हाळी दिली व्हती. तुमी म्हणला, गप बस."

"जाळ घालणाऱ्यानं गुळव्याला शिकवायचं न्हाई."

"व्हय? मग साताऱ्यात भरती चालू हाय, पलटणीत जातो. न्हाईतर सांगा, चाटू माझ्या हातात कवा देनार? तुमी मेल्यावर?"

उद्या सकाळी तो निघणार आहे. लढाईवर गेलेली आपल्या गावची दोन पोरं अजून परतलेली नाहीत.

आज मला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तो खालून टक लावून माझ्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखतो. तुम्ही गेलात त्या सकाळी बायका रडत होत्या. मी देवापुढे हात जोडून उभा राहिलो आणि मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता काहील माझी. नऊ वर्षं रोज त्याच देवाला हात जोडतो, पण हे त्यालाही सांगितलं नव्हतं.

चाटू थोरल्याला द्यायचा, असं मघाशी ठरवलं. तो ओसरीवर बसून वळकटी बांधतो आहे. मी इथे तुम्हाला लिहीत बसलो आहे, त्याला अजून हाक मारलेली नाही.