चुलीजवळची पिसं

भादवा, रविवार. ब्राह्मणपारा

घरी येऊन तास झाला, पण अजून त्या पिसांचाच विचार करून राहिलो.

आज आमच्या वनखात्याच्या ऑफिसातल्या चपराशाच्या, दुकालूच्या गावी जेवायले गेलो होतो. अंगणात तीन दगडांची चूल. त्याच्या मायनं बांधावरून खुडलेला चरोटा, म्हणजे आपला तरोटाच, आणि कुठलासा रानचा आंबट पाला रश्शात टाकला. वास असा, की मी दोनदा उठून चुलीपाशी गेलो.

"घर के कुकरी आय, साहेब," ती म्हणाली. कोंबडी. मी बरं म्हटलं.

पहिल्याच घासाले समजलं. ससा! लहानपणी मामाकडे खाल्लाय, मले कोण फसवणार? पण आमचं शहर राजधानी झाल्यापासून शिकारीच्या सगळ्या केसा, सशाच्याही, माझ्याच टेबलावर येतात, हे दुकालूले माहीत आहे. मग रांधला काहून? पाहुण्याले वाढायले घरात दुसरं काही नसंल, अजून काय.

उठून जायले पाहिजे होतं का? नाही उठलो. उलट पुन्हा वाढून घेतलं.

हात धुवायले गेलो तर चुलीजवळ मूठभर पिसं. आलो तेव्हा नव्हती. शेजारून आणून टाकली असतील, माझी पंचाईत होऊ नये म्हणून. त्यातली दोन तर कबुतराची होती.

"कुकरी बहुत बढिया बनी, दाई," मी त्याच्या मायले म्हटलं.

तेव्हा कुठं दुकालू जेवायले बसला.