चार ठिपक्यांची रांगोळी

२८ सप्टेंबर, रविवार
सौरभचा फोन. स्वीडनला थंडी पडलीय, मोजे दोन-दोन घालतो म्हणे. त्याच्या शेजारच्या लॅबच्या प्रोफेसरबाईंनी माझा अर्ज ठेवून घेतलाय. "काहीतरी नवीन दाखव, बस. मग तू इथे," म्हणाला. बस काय बस! नवीन काय झाडाला लागतं?
फोन ठेवल्यावर त्याची उशी उन्हात घातली. ती कोणी वापरत नाही, तरी घातली.

३० सप्टेंबर, मंगळवार
आज सासूबाईंनी बी.पी.ची गोळी घेता घेता विचारलं, "तुमचा दोगांचा ता कॅम म्हंजे काय गो?" लग्नाला इतकी वर्षं झाली, आज विचारलं!
कॅल्मोड्युलिन हे नाव टाळलं. म्हटलं, आई, एवढंसं प्रोटीन. दोन गोळे, मधे दांडी. प्रत्येक गोळ्यात कॅल्शियमच्या दोन जागा. कॅल्शियम नसलं की गोळे मिटलेले, कॅम गप्प. पेशीत कॅल्शियम शिरलं की चारी जागा भरतात, गोळे उघडतात, आतली चिकट बाजू बाहेर येते. दांडी वाकते आणि समोरच्या एंझाइमला कॅम दोन्हीकडून कवेत घेतो. मग ते एंझाइम कामाला लागतं. रक्तवाहिन्या आवळतात त्या अशाच. तुमची गोळी कॅल्शियमला दारातच अडवते, म्हणून वाहिन्या सैल राहतात.
"म्हंजे माज्या गोळयेन तो बिचारो उपाशी रवता!"
खूप हसले. सौरभने मला हेच समजावलं होतं, कँटीनमध्ये, माझ्या दोन्ही मुठी स्वतःच्या हातात धरून. उघड, मीट. उघड, मीट. मला सगळं आधीच माहीत होतं, पण तसं सांगितलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. अंधेरीची आमची लॅब पाठ्यपुस्तकासारखी कोरडी, पण आजच्या दिवशी सेंट्रिफ्यूजलाही झेंडूचा हार. प्रोटीनची रचना दाखवणाऱ्या एनएमआर मशीनच्या अजस्र मॅग्नेटची पूजा लांबूनच, नाहीतर तो पूजेतले पाने-पक्कड ओढून घ्यायचा. प्रसाद बाहेर पॅसेजमध्ये.
दर वर्षी रांगोळी सौरभची, तो इथेच होता ना. यंदा मी काढली. माझ्याच टेबलावर, बाटल्यांच्या स्टँडखाली: दोन गोळे, दांडी, कॅल्शियमचे चार केशरी ठिपके. फोटो पाठवला. उत्तर: "झकास. पण दांडी फार ताठ काढलीस, ती पाण्यात डुलते."
परीक्षक मेला. ये ना मग, काढ स्वतः.

७ ऑक्टोबर, मंगळवार
कॅल्शियम पूर्ण काढून टाकलेला नमुना मॅग्नेटमध्ये लावला. आमचा हा कॅम थोडा वेगळा, एक अमिनो आम्ल बदललेला. या बदलाने काही लहान मुलांच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून त्याच्यामागे लागलोय.
स्क्रीनवर ठिपके उमटतात, साधारण प्रत्येक अमिनो आम्लाचा एक. आज शेपटीकडच्या गोळ्याच्या ठिपक्यांशेजारी दुसरे दिसले. फिकट, पण आहेत. म्हणजे आत कॅल्शियम नसतानाही हा गोळा अधूनमधून आपणहून उघडतो?
आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "पाठव स्वीडनला," एवढंच म्हणाल्या. त्या एवढं बोलल्या म्हणजे खूप झालं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
१७ला मुलाखत! सौरभ घरं बघायला लागला. "स्वयंपाकघराला खिडकी पाहिजे ना तुला?" आईंनी मेतकुटाचे डबे काढून ठेवले. मुलुंडच्या या घरात त्या एकट्या राहतील, ते कोणी बोलत नाहीये.
मला लाज वाटते इतकी मी खूश आहे. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर उगाच हसत होते, एक बाई वळून बघायला लागली.

१३ ऑक्टोबर, सोमवार
रीतीप्रमाणे त्याच नमुन्यात आज मुद्दाम कॅल्शियम घातलं. हे आधीच करायला हवं होतं, घाई झाली.
ते फिकट ठिपके गडद झाले. त्याच जागी. बाजूचे मूळचे विरून गेले.
म्हणजे ते कॅल्शियम भरलेल्या गोळ्याचेच, आपणहून काही उघडत नव्हतं. कॅल्शियम आत होतंच, थोडंसं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
दिवसभर चोर शोधला. पाणी ठीक. क्षार ठीक. काचेतून कॅल्शियम सुटतं म्हणून आम्ही बाटल्यासुद्धा प्लॅस्टिकच्या वापरतो. मग एका बाटलीच्या आट्यांत पांढरी पूड दिसली.
कपाटातली रांगोळी काढली, चिमूटभर घेऊन वर ॲसिडचा थेंब टाकला. फसफसली. संगमरवराचा भुगा, म्हणजे कॅल्शियमच. वर पंखा चालू, खाली माझी कलाकुसर. बाटल्या उघड्या, पालथ्या, सुकत ठेवलेल्या.
ज्याला कॅल्शियमपासून जपायचं, त्याच्याच पूजेला कॅल्शियम मांडलं. वाट लागली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
सौरभला सांगितलं. म्हणाला, "मुलाखत होऊ दे ना यार. इथे ये, मग आपण परत करू, तेव्हा सांग."
"तू म्हणतोयस हे?"
"हो, मीच म्हणतोय. कंटाळलोय गं मी."
हा माणूस नुसत्या शंकेवरून आठवडाभराचं प्रोटीन बेसिनमध्ये ओतणारा. त्यासाठीच तर आवडला होता. मला राग आला, आणि रागातसुद्धा मला तिथेच जायचं होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
मॅडमना सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्यासमोरच स्वीडनला मेल केली. संध्याकाळी उत्तर आलं, अगदी गोड: आभार, नवा निकाल आला की जरूर कळवा, यंदाची जागा मात्र दुसऱ्या कुणाला देतोय.
सौरभला कळवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
रविवार असून लॅबमध्ये. नव्या बाटल्या, नवा नमुना. ठिपके एकेकच, शेजारी कोणी नाही. इतका स्वच्छ नमुना आयुष्यात केला नव्हता. बघून रडू आलं.
सौरभचा मेसेज: तिथे अजून तीन वर्षं देतायत, महिनाअखेर सही करायची. पुढे काही नाही.
आईंनी मेतकुटाचे डबे परत वर ठेवले. मला दिसणार नाही अशा बेताने.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. आईंनी पाट मांडला, त्यावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन. समोर सौरभ, टोपी घालून. इतके दिवस अबोला आणि आज टोपी!
निरांजन ओवाळलं. कुंकू लावायला हात पुढे केला तर काच लागली. तिलाच लावलं, त्याचं कपाळ लाल दिसायला लागलं.
"ओवाळणी घाल रे मेल्या," आई म्हणाल्या.
"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "मला तू हवी होतीस गं. दुसरं काही सुचतच नव्हतं." मग, "सही नाही केलेली अजून. येऊ का परत?"
इथे त्याला नोकरी नाही. दोन वर्षं शोधून मगच गेला होता. ये म्हटलं तर तो येईल, आणि त्याचं काम सुटेल. नको म्हटलं तर अजून तीन वर्षं. आईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.
'ये' अगदी ओठांवर होतं. बाहेर पडलं ते, "जेवलास का?"
"नाही अजून," म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.