दोन बटणांचं घड्याळ आणि इतर मालमत्ता

मी, फिंटन मायकेल डरकन, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा भिंतींना गिलावा करणे (आता निवृत्त, भिंती अजून उभ्या आहेत), राहणार किनाऱ्याचा रस्ता, किलव्हारा, काउंटी मेयो, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. याआधी केलेलं कोणतंही मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावं. तसं मी केलेलंच नव्हतं, पण आमच्या वकीलबाई मिस हॅनरटी म्हणतात की हे वाक्य लागतंच.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. भर गारांमध्ये, वर्गणी भरून, जिथून निघालो तिथेच परत येण्यासाठी जो माणूस अर्धं आयुष्य धावला, त्याला शुद्धीवर म्हणावं का, असं मी मिस हॅनरटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कायदा एवढ्या खोलात जात नाही हो, मिस्टर डरकन." माझ्यावर कुणाचं दडपण नाही, असंही लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही. दडपण आहे, आणि त्याचं नाव फिलोमिना डरकन, माझी बायको.

झालं असं. येत्या रविवारी आमच्या किलव्हारा हॅरियर्स क्लबची सवलतीची शर्यत आहे. सवलतीची म्हणजे जो सगळ्यांत हळू तो सगळ्यांत आधी सुटतो, जो वेगवान तो शेवटी, आणि हिशोब बरोबर असेल तर सगळे एकदमच अंतिम रेषेवर येऊन एकमेकांच्या पायात अडखळतात. कोणाला कधी सोडायचं हे क्लबमध्ये एकच व्यक्ती ठरवते. ती फिलोमिना. बायकोच्या हातात सगळा कारभार म्हटल्यावर मला झुकतं माप मिळत असेल, असं परक्या माणसाला वाटेल. अहो, कसलं! "नवऱ्याला ढील दिली म्हणतील," या भीतीने तिने मला दर वर्षी इतकं उशिरा सोडलं की माझ्या पुढ्यात फक्त गावाची पाठ दिसायची. बक्षिसाची किटली, म्हणजे पोचे पडलेली, झाकण हरवलेली पत्र्याची चहाची किटली, मला आजवर एकदाही मिळालेली नाही. या वर्षी तिने मला सुटायची वेळच दिलेली नाही. वेळ नाही तर शर्यत नाही. वेळ हवी असेल तर तिच्या दोन अटी आहेत.

"एक, मृत्युपत्र कर. दोन, ते घड्याळ माझ्या हवाली कर. मग खुशाल धाव."

पहिली अट मी इथे पुरी करतो आहे. दुसरीचं काय, ते शेवटच्या कलमात बघू. एवढ्यात सांगून ठेवतो, ते घड्याळ मी सहजासहजी देणार नाही.

कलम पहिलं. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि पोपटी रंगाची मोटार फिलोमिनाला. यावर चर्चा नको. मोटारीतला वास जाणार नाही. ओल्या मोज्यांचा आहे.

कलम दुसरं. मागच्या दारातले बूट. यांची वाटणी करणं हेच या मृत्युपत्रातलं खरं अवघड काम आहे. मी आजवर एकही जोड फेकलेला नाही. धावायला निकामी झाला की तो चालायचा जोड होतो, मग बागेतला, मग रंगकामाचा, मग "असू दे, लागेल कधीतरी" याचा. आमच्या दारात या शेवटच्या जातीचे इतके बूट आहेत की आत कुणाचं तरी लग्न चालू आहे असं वाटावं. ते सगळे जाळावेत. वाऱ्याची दिशा बघून जाळावेत.

शर्यतींचे बनियन कपाटात आहेत. त्यांतला एकही माझ्या मापाचा नाही, कारण संयोजकांकडे शेवटी नेहमी लहान मुलांचं नाहीतर बैलाचंच माप उरतं. पदकं परसातल्या वाफ्यात दोरीला बांधावीत, पक्षी बिचकतात. छातीवर नंबर लावायच्या टाचण्या डबाभर आहेत, त्या क्लबला द्याव्यात. चोरल्याही क्लबकडूनच होत्या. व्हॅसलिनच्या अर्ध्या डब्या मात्र कुणी वापरू नयेत. का, ते विचारू नये.

कलम तिसरं. माझ्या थाप्या, रंधे, ओळंबा आणि शिडी माझी मुलगी ओर्ला हिला. तिला या कामातलं कळतं आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला कधी बोललो नाही. आता लिहिलंय.

तिचा नवरा किलियन यालाही धावण्याचा नाद आहे. म्हणजे तो धावतो कमी, मोजतो जास्त. त्याचं मनगटावरचं यंत्र त्याला रोज सकाळी सांगतं की रात्री झोप कशी लागली. एकदा न्याहारीला मी विचारलं, "काय रे, झोपलास का नीट?" तर म्हणतो, "थांबा हं, बघून सांगतो." मी कपाळाला हात लावला. दर दोन मैलांना तो खिशातून एक पुडी काढतो आणि आतला चिकट गोड लगदा चोखतो. त्याला मी माझं धावण्याचं सगळं ज्ञान ठेवून जातो. ते असं: केळं खा, आणि सुटायच्या आधी संडासला जाऊन ये.

कलम चौथं. आता मॅलकी टाय.

मॅलकी माझा शेजारी, क्लबातला सोबती आणि जन्माचा वैरी. त्याच्या घरात ती किटली इतक्या वेळा जाऊन बसली आहे की तिच्यासाठी त्याने खिळा ठोकून ठेवलाय. कशी जिंकतो? ईस्टर सरला की मॅलकी लंगडायला लागतो. बेकरीत भेटला की दाराचा आधार घेतो. "काय सांगू फिंटन, गुडघा गेला. यंदा चालत पुरी केली तरी मिळवली." फिलोमिनासमोर तर असा विव्हळतो की दगडाला पाझर फुटावा. मग ती त्याला लवकर सोडते, आणि पहिल्या वळणाआड गेला रे गेला की गुडघ्याला काय चमत्कार होतो देव जाणे. सुटायच्या रेषेवर रडणारे सगळेच असतात म्हणा. कुणाची पोटरी, कुणाचा सर्दी-खोकला, कुणी रात्रभर जागलेला. परक्या माणसाने ऐकलं तर रुग्णवाहिका मागवेल. पण ते आपले सवयीने रडतात. मॅलकी अभ्यास करून रडतो.

या मॅलकीला मी टेकडीखालचं माझं तिकोनी शेत देतो. त्याच्या गाढवांसाठी त्याला ते कित्येक वर्षं हवंय, आणि दर नाताळला तो ते मागतो. घे बाबा.

तसंच, या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार म्हणून मी त्याच मॅलकी टायला बोलावलं आहे. या देशाच्या कायद्याप्रमाणे जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातलं काडीचंही मिळत नाही. मिस हॅनरटी यावर हसल्या नाहीत, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. शेत अर्थातच फिलोमिनाकडे जाईल.

कलम पाचवं, अंत्यविधी. कुणीही घट्ट विजारी घालून येऊ नये. चर्चच्या पायऱ्यांवर पोटऱ्या ताणू नयेत. आणि "बिचारा आपल्या आवडीचं करता करता गेला" हे वाक्य जो उच्चारेल त्याला चहा देऊ नये. धावणं मला कधीच आवडलं नाही. धावून झाल्यावरचा चहा आणि बेकनचा पाव आवडतो. त्यासाठी आधी धावावं लागतं, त्याला माझा नाइलाज आहे.

कलम सहावं. घड्याळ.

दोन बटणांचं, काळ्या पट्ट्याचं, काचेवर ओरखडा असलेलं. एक बटण चालू-बंद करायचं, दुसरं शून्यावर आणायचं. किलियनच्या यंत्रापुढे ते भिकारी दिसतं, पण ते मला झोपेबद्दल काही विचारत नाही. घड्याळ न लावता धावलो तर ते धावणं माझ्या लेखी झालंच नाही. घरापाशी आलो आणि तास पुरा व्हायला थोडा वेळ उरला असला, तर तो भरेपर्यंत मी टपालपेटीभोवती फेऱ्या मारतो. समोरच्या बेकरीतली असम्प्टा गिऱ्हाइकांना सांगते, "घाबरू नका, तो असाच आहे."

मार्चमध्ये फिलोमिना आणि मी किनाऱ्याच्या रस्त्यावर नेहमीसारखे धावत होतो. नेहमीसारखे म्हणजे मी अर्धं पाऊल पुढे. लग्नापासून मी तिच्या अर्धं पाऊल पुढेच धावत आलोय. ती वेग वाढवते, मी वाढवतो. ती कमी करते, मी कमी करतो, पण ते अर्धं पाऊल काही सोडत नाही. तिच्या डोक्यात तिडीक जाते हे मला ठाऊक आहे. मासळीच्या कारखान्यापाशी माझ्या छातीत कळ आली आणि मी गुडघ्यांवर कोसळलो. मागे असल्यामुळे तिने सगळं पाहिलं. माझा उजवा हात छातीकडे गेला नाही. तो डाव्या मनगटाकडे गेला आणि मी घड्याळ बंद केलं. ते झाल्यावर आडवा झालो.

माझी बाजू एवढीच की कोणताही धावणारा हेच करतो. अडखळला, पडला, दात तुटला, तरी आधी घड्याळ. नाहीतर पडून राहिलेला वेळही धावण्यात धरला जातो. इतकी साधी गोष्ट मी रुग्णवाहिकेत तिला समजावून सांगत होतो, तर नर्सने माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला.

 फिलोमिना यावर बोलली ती जूनमध्ये, बटाटे सोलता सोलता.

"माझं नाव घेतलं असतंस, तरी चाललं असतं रे."

"अगं, सवय असते ती."

"तेच म्हणतेय. मी नाही ना सवय."

 मी दुसरी सुरी घेऊन बटाटे सोलायला बसलो.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आता मला हळू धावायची परवानगी दिली आहे, एका शर्तीवर. "धावताना बोलता आलं पाहिजे. बोलणं बंद पडलं की तिथेच थांबायचं." हे ऐकून फिलोमिना दवाखान्यात मोठ्याने हसली. "बोलायचं? यानं? बाई, मी याच्याबरोबर जन्म धावले, आजवर फक्त 'चढ आला' एवढंच ऐकलंय."

मी घड्याळ देत नव्हतो त्याचं कारण कुणाला सांगितलेलं नाही. मार्चपासून मी ते शून्यावर आणलेलंच नाही. त्या दिवशी जिथे थांबवलं तिथेच ते आकडे अजून उभे आहेत. रविवारी सुटताना पुन्हा बटण दाबायचं, तेच धावणं पुढे चालू करायचं आणि पुरं करायचं, असं माझ्या मनात होतं. म्हणजे मधलं काही झालंच नाही. छातीत कळ नाही, रुग्णवाहिका नाही, काही नाही.

आज सकाळी हे कलम लिहायला बसलो. "माझ्या मृत्यूनंतर हे घड्याळ" इथपर्यंत आलो आणि पुढे लिहवेना. उठलो, स्वयंपाकघरात गेलो, पट्टा सोडला आणि घड्याळ तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. मनगटाची कातडी खाली पांढरीफटक, दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

तिने चष्मा लावून आकडे पाहिले. मग खुर्ची ओढून बसली.

"हे तेव्हाचंच आहे?"

"हो."

"अजून?"

"हो गं."

काचेवरच्या ओरखड्यावरून तिने बोट फिरवलं. मग अंगठ्याने दुसरं बटण दाबलं. सगळी शून्यं झाली. मला वाटलं होतं फार लागेल. थोडं लागलंच. तिचे डोळे भरले होते, माझं नाक वाहत होतं, आणि बाहेर टपालवाला दार वाजवत होता तर कुणी उठेना.

"फिलोमिना," मी म्हणालो. 

"ऐकलं," ती म्हणाली. मग नाक शिंकरून कारभारी आवाजात सुरू झाली. "रविवारी तू सगळ्यांच्या आधी सुटायचंस. वेळ धरायला असम्प्टाला सांगते, मी तुझ्याबरोबर धावणार. आणि नीट ऐक, अर्धं पाऊल पुढे मी."

"आणि बोलायचं कशावर?"

"मॅलकीवर बोल की. अख्ख्या शर्यतीला पुरेल."

तेव्हा हे कलम असं वाचावं: सदर घड्याळ मी मृत्यूनंतर नव्हे, तर आजच, जिवंतपणी, राजीखुशीने फिलोमिनाच्या हवाली केलं आहे. त्यावर आता माझा कसलाही हक्क नाही. रविवारी मी पडलोच तर माझा हात मोकळा असेल आणि तोंडही. शर्यत मात्र कुणी थांबवू नये. मॅलकी तर नाहीच थांबणार.

वर लिहिलेलं सारं मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनासारखं आहे, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करतो आहे.

(सही) फिंटन मायकेल डरकन

साक्षीदार पहिला: मॅलकी टाय. मला वकीलबाईंनी सांगितलं की मजकूर वाचायची गरज नाही. म्हणून वाचला. मावशीने मला ठेवलेला गोठा अशाच साक्षीच्या सहीत हातचा गेला होता, मला कायदा शिकवू नकोस. शेत नको. गाढवं विकली. रविवारी ये. गुडघा खरंच दुखतोय.

साक्षीदार दुसरी: असम्प्टा किलबेन, बेकरी. तो आज टपालपेटीला न घुटमळता सरळ इथे आला, हे मी पाहिलं आहे.

स्थळ: मिस हॅनरटी यांची कचेरी, औषधाच्या दुकानावर, किलव्हारा.

दिनांक: १२ सप्टेंबर २०१९, गुरुवार.

वेळ: सांगता येत नाही. घड्याळ फिलोमिनाकडे आहे.